दीडशे ग्रॅम

“पंचावन्न दीडशे,” वजन घेणाऱ्या बाई म्हणाल्या. “उतरा खाली.”

मी उतरले नाही. काट्यावरचे लाल आकडे जरा थरथरत होते, म्हणून वाटलं खाली येतील. श्वास सोडून पाहिला, पोट आत ओढून पाहिलं. पंचावन्न किलो, दीडशे ग्रॅम. काटा हलायला तयार नव्हता.

“ताई, उतरा. मागं पोरी थांबल्यात. आठपर्यंत दार उघडं आहे, तोवर कितीदाही या. पण पंचावन्नच्या वर एक ग्रॅम गेला तरी मला नाव लिहिता येणार नाही.”

विट्यातल्या एका शाळेचा वर्ग होता तो. बाकं भिंतीला सरकवलेली आणि फळ्यावर आदल्या दिवशीचं अर्धवट पुसलेलं गणित. बाहेरच्या मैदानात मांडव घालून मॅट अंथरली होती आणि ध्वनिक्षेपकावर कुणीतरी “हॅलो, हॅलो, एक दोन तीन” करत होतं. जिल्हा निवड चाचणी. इथं पहिली येणारी राज्य स्पर्धेला जाणार. माझ्या अंगावर कुस्तीचा निळा कॉस्च्यूम सोडून काही नव्हतं. मंगळसूत्र, जोडवी, केसांतले चाप, कमरेचा काळा दोरासुद्धा काढून ठेवला होता. आता काढायला काही उरलंच नव्हतं.

बाहेर वस्ताद उभे होते. दत्तू जगदाळे वस्ताद. मी बारा वर्षांची असताना माहेरच्या तालमीत पहिल्यांदा मला लंगडी घालून पाडलं ते त्यांनीच.

“किती?”

“दीडशे जास्त.”

ते रागावले नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी गाडीच्या डिकीतून रेनकोट काढला, माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाले, “पळ.”

मी पळायला लागले.

लग्न झालं तेव्हा माझ्याकडे राज्य स्पर्धेचं कांस्यपदक होतं. मग ईश्वरी झाली. ती पाच महिन्यांची असताना वस्ताद स्वतः आमच्या शिंगणवाडीला आले, चहा प्यायले आणि माझ्या नवऱ्याला, जोतिरामला, सरळ म्हणाले, “हिच्यात अजून कुस्ती हाय. बघ काय करायचं ते.” जोतिरामची द्राक्षांची ने-आण करायची पिकअप गाडी होती. तो म्हणाला, “तिला ईचारा.” त्या दिवसापासून मी अंगणात जोर काढायला लागले. बाळंतपणानंतर हे अंग पुन्हा आपलं होतं का, एवढंच मला बघायचं होतं.

खरी झुंज लागली ती स्वयंपाकघरात. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आत्तींच्या मते पाजणाऱ्या बाईनं डिंकाचे लाडू, हळिवाची खीर आणि भाकरीवर तुपाची धार खायची. वस्तादांच्या मते उकडलेली अंडी, मोडाची मटकी, ताक आणि अर्धी भाकरी. दोघंही माझ्यासमोर मांडी घालून बसत आणि ताटावर भांडत. हळूहळू आत्तींनी लाडवांचा हट्ट सोडला, मग तुपाचा सोडला. पण चाचणीच्या आदल्या दिवशी वस्ताद म्हणाले, “आता उद्या वजन होईतोवर पाणी तोडायचं,” तेव्हा त्या उठून उभ्याच राहिल्या.

“लाडू बंद केलं, मी बोलले न्हाई. पाणी तोडायचं न्हाई.”

“आक्का, एका दिवसाचा प्रश्न हाय. सगळी पोरं तोडत्यात.”

“सगळ्या पोरींच्या मांडीवर ल्योक-लेक हाय का? हिचं आटलं तर तुमी पाजणार?”

आत्तींनी तांब्या भरला आणि माझ्या हातात दिला. मी तो तोंडाला लावेपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत. एवढ्याशा गोष्टीला एवढं काय, असं मला तेव्हा वाटलं. तरी मी पाणी प्यायले. आता त्याच पाण्याचे दीडशे ग्रॅम घेऊन मी शाळेच्या मैदानाला घिरट्या घालत होते.

घाम आला, पण थंडीचे दिवस, फार नाही. चार फेऱ्या मारून पुन्हा काट्यावर चढले. पंचावन्न एकशे तीस.

“वीस ग्रॅम गेलं,” मी बाहेर येऊन सांगितलं.

वस्तादांनी घड्याळ बघितलं. माझ्याच गटातली ऋतुजा मगदूम वजन देऊन पायरीवर बसली होती, केळं सोलत. एकोणीस वर्षांची मुलगी, आदल्या वर्षीची कुमार गटातली राज्य विजेती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं नजर वळवली. तिला माझी दया आली होती आणि ते मला सहन झालं नाही. मी तोंड धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले.

तिथं रेनकोट उतरवताना छातीला हात लागला आणि मी कळवळले. दगड झाला होता नुसता. रात्री ईश्वरी लवकर झोपली, आणि पहाटे मी वस्तादांबरोबर पुढं निघाले तेव्हा तिला उठवलं नव्हतं. आत्ती आणि जोतिराम तिला घेऊन मागनं गाडीनं येणार होते. आदल्या संध्याकाळपासून माझं दूध तसंच होतं.

दूध! त्याचंही वजन असतंच की! मला हसूच फुटलं. मी दार लावलं आणि हातानं पिळायला लागले. दोन थेंब आले, मग आणखी एक. बस्स. पुन्हा दाबलं, डोळ्यांत पाणी आलं, पण दूध येईना. बाहेर ध्वनिक्षेपकावर “वजनाची शेवटची पंधरा मिनिटं” म्हणून पुकारा झाला आणि मी आणखी जोरात दाबायला लागले. जितकी घाई करावी तितकं अंग जास्तच आखडत होतं.

मी धावत बाहेर आले. “वस्ताद, ईश्वरी पाहिजे.”

“आत्ता पोरगी कशाला? आधी वजन बघ.”

“वस्ताद, पोरगी पाहिजे मला.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांचे कान लाल झाले. साठीचा माणूस, आयुष्य तालमीत गेलेलं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्याकडे न बघता हात पुढं केला.

“कुठं आहेस?” मी विचारलं.

“पुलाच्या अलीकडं अडकलोय,” जोतिराम ओरडून सांगत होता. मागं ट्रॅक्टरचे हॉर्न वाजत होते. “उसाची ट्रॉली आडवी झालीया. मुंगीसुद्धा जाईना.”

“आत्तींना दे.”

आत्तींचा आवाज आला. “झालं वजन?”

“जड भरतंय, आत्ती. ईश्वरीला काही पाजलंत का?”

“वाटीनं पाजत हुते, पर थुकली समदं. सकाळधरनं रडून हैराण केलंय. तूच पायजेस तिला.”

“तिला आता काही देऊ नका. तशीच घेऊन या. आठच्या आत.”

मग आत्ती म्हणाल्या, “आले.” आणि फोन बंद.

मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. वस्ताद माझ्या शेजारी. आम्ही दोघंही रस्त्याकडे अशी नजर लावून होतो, जणू आत्ता तिथनं रेल्वे येणार होती. एक रिक्षा आली, ती दुसऱ्याच पोरींची. एक ट्रक गेला. वस्ताद पुटपुटत होते, बहुधा मारुतीचं नाव घेत होते. मी पायाची बोटं चपलेत आवळत होते आणि सोडत होते.

मग वळणावर एक मोटरसायकल दिसली. पुढं हेल्मेट घातलेला कुणी अनोळखी तरुण, आणि मागं लुगड्याचा काचा मारून, दोन्हीकडे पाय टाकून बसलेल्या आमच्या आत्ती. पोटाशी शालीत बांधलेली ईश्वरी. जन्मात कधी त्या मोटरसायकलवर बसल्या नव्हत्या. पुलावरची ट्रॉली ओलांडून पलीकडं चालत गेल्या होत्या आणि पहिलीच दिसलेली गाडी हात आडवा करून थांबवली होती.

“काकू, सावकाश उतरा,” तो तरुण म्हणत होता.

“सावकाश काय? माझी सून पैलवान हाय, तिला उशीर व्हतोय!”

ईश्वरीनं मला बघितलं आणि भोकाड पसरलं. तो आवाज कानावर पडला आणि माझ्या अंगात काहीतरी सुटलं. ज्यासाठी मी बाथरूममध्ये एवढी धडपडले होते ते आपोआप सुरू झालं. मी तिला ओढूनच घेतली आणि वर्गात धावले.

भिंतीशी सरकवलेल्या बाकावर बसून मी तिला पाजायला घेतलं. आत्तींनी पदर धरून आडोसा केला. ती अधाशासारखी प्यायली, गळ्यातून घटाघट आवाज येत होता. एक बाजू झाली आणि दुसरीला लावते तर बाईसाहेबांना काट्यावरचे लाल आकडे दिसले. मान वळवून हसायला लागली.

“अगं पी की!” मी जवळजवळ ओरडले.

“वराडू नगंस तिच्यावर,” आत्ती म्हणाल्या आणि पुढं सरकून त्यांनी पाठीनं काटाच झाकून टाकला. ईश्वरीनं इकडं तिकडं पाहिलं, बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून पुन्हा तोंड लावलं.

वजन घेणाऱ्या बाई हातात पेन धरून आमच्याकडे बघत होत्या. दारात उभा असलेला स्वयंसेवक “मॅडम, बंद करायचं का?” म्हणाला, तर त्या फटकन म्हणाल्या, “माझ्या घड्याळात अजून दोन मिनिटं आहेत.”

मी लेकीला आत्तींकडे दिलं आणि काट्यावर चढले. आकडे वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले.

“चौपन्न नऊशे ऐंशी,” बाई म्हणाल्या आणि माझं नाव लिहिलं. मग पेन बंद करून ईश्वरीच्या गालाला बोट लावलं. “हिचं वजन करू का आता?”

दाराबाहेर वस्तादांनी माझा चेहरा पाहिला आणि मांडी थोपटली. आखाड्यातला पैलवान थोपटतो तशी, भर शाळेच्या व्हरांड्यात.

तोवर जोतिराम गाडी घेऊन आला. डबे उघडले. वजन झालं की कुस्तीपर्यंत अंगात ताकद भरायची, हे मला लहानपणापासून पाठ. पण केळं तोंडाशी नेलं आणि मला उमासा आला. खजूर घेतला, तोही परत ठेवला. मांडवात शिट्ट्या वाजत होत्या आणि प्रत्येक शिट्टीला माझे हात गार पडत होते. दोन वर्षांत मी एकही कुस्ती खेळले नव्हते.

“खाल्लं नाहीस तर पहिल्या फेरीतच डोळ्यापुढं अंधारी येईल,” वस्ताद म्हणाले.

“जात नाही, वस्ताद.”

आत्तींनी त्यांना हातानं बाजूला केलं. नाचणीची पातळ आंबील ताक घालून आणली होती, ती पेल्यात ओतली. “गिळू नगंस. नुसती तोंडात धर.”

मी धरली.

“आता सांग, ती लाल रिबीन बांधल्याली पोरगी कुणाची?”

बोलायचं म्हटल्यावर आंबील गिळावीच लागली. “कुंडलची आहे, आत्ती.”

“आजून एक घोट. आन् ती उंच?”

असं करत करत पेला संपला. मग भात, मग केळं. मांडवातल्या सगळ्या पोरींची गावं विचारून होईपर्यंत माझं पोट भरलं होतं आणि हातांना ऊब आली होती.

पहिली कुस्ती मी गुणांवर काढली. दुसरीत समोरचीला चीत केलं. मांडवात “शिंगणवाडीची कोण ही?” अशी कुजबुज ऐकली आणि माझ्या अंगावर काटा आला. अंग माझंच होतं. पट काढताना, म्हणजे समोरचीचे पाय ओढताना, गुडघा कुठं टेकायचा, मान कुठं लपवायची, सगळं त्याला आठवत होतं.

दुपार कलल्यावर फायनल. समोर ऋतुजा मगदूम.

ती विजेसारखी होती. मी हात घालीपर्यंत ती तिथं नसायची. पहिल्या फेरीत तिनं दोनदा पट काढून माझे चार गुण घेतले. मी तिला रेटत मॅटबाहेर काढून एक मिळवला. आणि नेमक्या त्याच वेळी प्रेक्षकांतून ईश्वरी रडली.

शेकडो आवाजांतून मला तो आवाज ओळखू आला. छातीतून कळ निघाली आणि गरम काहीतरी पसरलं. मी खाली पाहिलं. निळा कॉस्च्यूम दोन्हीकडे गडद होत चालला होता. मी झटकन दोन्ही हात छातीवर घेतले. ऋतुजाला तेवढंच पाहिजे होतं. पाय गेले, मी खाली. सहा-एक.

शिट्टी झाली. पंचांनी टॉवेल पुढं केला. “घाम पुसा,” ते म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते मॅटकडे बघायला लागले. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. तेवढ्यात पहिली फेरी संपल्याची घंटा झाली.

मी कोपऱ्यात गेले ती टॉवेल छातीशी धरूनच. “वस्ताद, मला नाही खेळायचं.”

“काय झालं?”

तेवढ्यात मागं गडबड झाली. स्वयंसेवक आडवा हात धरून “आजी, इथं फक्त कोच” म्हणत होता आणि आत्ती त्या हाताखालनं वाकून आल्या होत्या.

“हात खाली कर,” त्या मला म्हणाल्या.

“आत्ती, सगळी बघायला लागलीत.”

“बघू देत की. चोरी केलीस का? माझ्या नातीचं दूध हाय ते.” त्यांनी टॉवेल काढून घेतला, माझा चेहरा पुसला, मान पुसली, आणि टॉवेल आपल्याच खांद्यावर टाकला. “हाय त्याला लाजती व्हय? जा.”

वस्तादांनी तेवढ्यात माझी मान धरून कानात सांगितलं, “पोरगी पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला ठेवते. गळा सापडंल. ढाक मार.”

दुसऱ्या फेरीला मी मध्ये गेले ती हात मोकळे सोडून. ऋतुजा माझ्या डोळ्यांत बघत होती, छातीकडं नाही. चांगली पोरगी होती ती. तिनं पहिला पट टाकला, मी पाय मागं घेतले. दुसरा टाकला, मी तिच्यावर वजन टाकून मागं गेले, दोन गुण. ती सुटली. वेळ संपत चालला होता. वस्तादांचा आवाज, जोतिरामचा आवाज, आणि त्या दोघांच्या वर आत्तींचा, “आवळ! आवळ!” तिनं तिसऱ्यांदा झेप घेतली आणि तिचा गळा माझ्या काखेत आला. मी कंबर घातली आणि वळले.

ढाक बसली की कळतं. क्षणभर समोरच्याचं वजनच लागत नाही. ऋतुजाची पाठ मॅटवर आपटली, मी सगळं अंग तिच्यावर टाकलं आणि डोळे मिटले. पंचांचा पंजा मॅटवर थाडकन पडला तेव्हा मला तो आधी अंगातून कळला, मग कानांना ऐकू आला.

चीत.

वस्ताद कसे नाचले, जोतिरामनं मला कसं उचललं, ते मला नीट आठवत नाही. ऋतुजा वाकून पाया पडायला लागली तेव्हा मी तिला मिठी मारली, आणि तिचाही कॉस्च्यूम ओला झाला. दोघीही हसायला लागलो.

राज्य स्पर्धेत मी दुसऱ्या फेरीत हरले, पण ती निराळी गोष्ट. त्या दिवशी परतताना पिकअपमध्ये पुढं आम्ही तिघं दाटीनं बसलो होतो, ईश्वरी आत्तींच्या मांडीवर झोपलेली. मी सहज विचारलं, “आत्ती, काल पाण्यावरनं वस्तादांशी एवढं का भांडलात?”

त्यांनी ईश्वरीला मांडीवर जरा वर ओढून घेतलं.

“बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायचे,” मग त्या म्हणाल्या. “तुझी थोरली नणंद तवा पाच म्हैन्यांची. खायाला मिळायचं न्हाई, पाणी त्याहून न्हाई. माझं आटलं. धनगरवाड्यातली म्हाळसाक्का शेजारी खडी फोडायची, तिलाबी तान्हं व्हतं. ती दोघांना पाजायची. माझी लेक तिच्या दुधावर जगली.”

गाडी चालवता चालवता जोतिराम वळून बघायला लागला. त्यालाही ठाऊक नव्हतं.

“मग म्हाळसाक्का...?”

“हाय की. त्या वरच्या वस्तीवर. चाळीस वर्सं झाली, मी तिच्या दारात गेले न्हाई. माझं आटलं, दुसरीनं पाजलं, ह्याची लाज वाटायची.” त्यांनी ईश्वरीचं टोपडं नीट केलं. थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, “जोत्या, गाडी वळव.”

वस्तीवर पोचलो तेव्हा सूर्य टेकायला आला होता. अंगणात एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, डोळे बरेच अधू. आत्ती गाडीतून उतरल्या आणि तिथंच गाडीच्या दाराला धरून उभ्या राहिल्या. शेवटी मीच ईश्वरीला घेऊन पुढं झाले आणि म्हातारीच्या शेजारी बसले. जाग येऊन ईश्वरी रडायला लागली होती. मी पाजायला घेतलं.

“कुणाची गं तू?” म्हातारीनं विचारलं.

मागून आत्ती म्हणाल्या, “माझी सून हाय, म्हाळसाक्का. कुस्ती मारून आलीया.”

म्हातारीनं आवाज ओळखला. शेंगा सोलायच्या थांबल्या.

“तू पाजायचीस तवा,” आत्ती म्हणाल्या, “मी तुझ्याकडं पाठ करून बसायचे.”

“ठावं हाय की,” म्हातारी म्हणाली. “म्हनून तर मी पोरीला तुझ्या बाजूला घिऊन बसायचे. वळलीस, तर तुला दिसावी.”

आत्ती हळूहळू पुढं आल्या आणि तिच्यासमोर मातीत बसल्या. म्हातारीनं शेंगा भरलेलं सूप दोघींच्या मध्ये सरकवलं. जोतिराम गाडीपाशी उभा राहून “निघायचं का, अंधार पडंल” म्हणत होता. पण कुणीच उठत नव्हतं.